पुदु आरूकाठचा उतार

तंजावूरच्या मधून वाहणाऱ्या कालव्याला गावात पुदु आरू म्हणतात, म्हणजे नवी नदी. तिच्या काठची एक पडीक जागा मोकळी झाली आणि तिथं सगळ्यांसाठी स्केट पार्क करायचा ठरला, तेव्हा आराखड्याचं काम जयश्रीकडे आलं. ती चाळिशी ओलांडलेली आर्किटेक्ट. शाळा बांधल्या होत्या, लग्नाचे हॉल बांधले होते, पण चाकांच्या फळीवर तिनं कधी पाय ठेवला नव्हता.

"ज्यावर उभीच राहिले नाही, ते काढू कसं?" असं म्हणून तिनं एक फळी विकत घेतली आणि कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या भाचीकडून, भुवनाकडून, गच्चीवर धडे घ्यायला लागली. पहिल्याच आठवड्यात मनगट मुरगळलं.

तिची आई वसुमती तेल चोळता चोळता म्हणाली, "पुरे गे जया. या वयात हात मोडून घेतलास तर नकाशे कोण काढील?"

"डावा आहे, अम्मा. उजवा शाबूत आहे."

सूज उतरली तशी ती पुन्हा फळीवर चढली. सपाट जमीन संपून उतार सुरू होतो ती जागा पायाला जाणवता कामा नये, हे तिला पडून पडून कळलं. तिनं सगळे उतार नव्यानं काढले. निसटलेली फळी पाण्यात जाऊ नये म्हणून नदीच्या बाजूला रुंद कट्टा घातला.

मे महिन्यात पहिला उतार तयार झाला. कंत्राटदार शेषाद्रीनं तिला कौतुकानं बोलावून घेतलं. जयश्री फळी घेऊन वर चढली, खाली सुटली, आणि पायथ्याशी चाकाला धक्का बसून गुडघ्यावर आपटली. उठून तिनं आराखड्यातल्या गोलाईप्रमाणे कापलेला लाकडी साचा काँक्रीटवर टेकवला. मधे बोटभर फट होती.

"हे तोडावं लागेल," ती तमिळमध्ये म्हणाली.

"मॅडम, कोण बघतंय? या गावात स्केटिंग येतं कुणाला? घासून देतो थोडं."

"येत नाही म्हणूनच. इथंच पहिल्यांदा शिकणार मुलं. आपल्या चुकीनं पडली तर परत येणार नाहीत."

शेषाद्रीनं नदीच्या कोरड्या पात्राकडे बोट केलं. "जूनमध्ये पाणी सुटेल. काठ ओला झाला की तुमचा तो मोठा खड्डा खणता येणार नाही. तोडत बसलो तर खड्डा खणायचा राहून जाईल."

ते खरं होतं. वाडग्यासारखा गोल, खोल खड्डा हा आराखड्यातला तिचा सगळ्यात आवडता भाग. मंजुरी देणाऱ्यांनाही तोच आवडला होता. जयश्री कट्ट्यावर बसली. गुडघा ठणकत होता.

"राहू दे खड्डा," ती अखेर म्हणाली. "उतार तोडा."

मंजुरी देणाऱ्यांनी तिला बोलावून झापलं. अर्धा पार्क लोकांना दाखवायचा कसा? "अर्धा असेल, पण चालणारा असेल," एवढंच तिनं सांगितलं आणि ती साइटवर परतली. त्यानंतर साचा लावून पाहिल्याशिवाय तिनं एकही उतार पुढे जाऊ दिला नाही. शेषाद्री पहिले दोन दिवस कुरकुरत राहिला. तिसऱ्या दिवशी साचा त्यानं स्वतःच धरला.

पाणी आलं. खड्ड्याच्या जागी नुसत्या खुंट्या आणि दोऱ्या उरल्या. तरी उद्घाटन झालं आणि लोकांनी विचारायचं ते विचारलंच, "एवढंच?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भुवना चार मैत्रिणींना घेऊन आली. त्यांतली राजलक्ष्मी आयुष्यात पहिल्यांदा फळीवर उभी होती. भुवनानं हात सोडला. ती उतारावरून सुटली, पायथ्यावरून सरळ पुढे गेली आणि पलीकडच्या चढावर अर्ध्यापर्यंत पोचून कट्ट्यावरच्या जयश्रीकडे बघत किंचाळली, "अक्का, पडले नाही!"

रविवारपर्यंत तिथं रांग लागली. ऑटोनं आलेली वसुमती कट्ट्यावर बसून पाहत होती.

"आणि त्या खुंट्या गे?"

"जानेवारीअखेर पाणी थांबतं, अम्मा. फेब्रुवारीत खणणार. शेषाद्रीला आजच सांगितलंय."

जयश्रीनं गुडघ्यांना पॅड बांधले आणि ती रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.