नायकाच्या तोंडावर नाही

कंपनीनं लोहाऱ्याच्या रस्त्यावर आमच्या जागेचं मोठं चित्र लावलं, तेव्हा त्यात आम्ही नव्हतो. काचेच्या माड्या होत्या, हिरवळ होती, आणि जिथं आमची विहीर आहे तिथं निळा पोहायचा हौद होता. हौदात एक बाई उताणी पडली होती. माझी शेजारीण भुरीबाई म्हणाली, "माय, इच्यासाठी पाणी कोठून आनतीन? आपल्याले तं चैतापासून टँकर लागते."

मी म्हणलं, "आपल्याले हाकलल्यावर टँकर वाचन ना. थोच हौदात वततीन."

हसलो. हसण्यासारखं तेवढंच होतं.

जमीन पाहिजे खाजगी कंपनीला, घेऊन देणार सरकार. त्यालाही कायदा आहे म्हणे, शंभरातल्या ऐंशी घरांनी हो म्हटलं पाहिजे. म्हणून सरकारचे साहेब आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर आले. सेवालाल महाराजांच्या देवळापुढं मांडव पडला. माझा मुलगा बाबुलाल तांड्याचा नायक. त्याच्या आधी त्याचा बाप नेमसिंग नायक होता. बाबुलाल उभा राहिला, पागोटं सारखं केलं अन् बोलला, "तांडा तयार हाय. मी शब्द देल्ला."

मला विचारलं नव्हतं. कोणालाच विचारलं नव्हतं.

आमच्या तांड्याची रीत अशी की नायकाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. पटलं नाही तर उठायचं, लुगडं झटकायचं, घरी जायचं. मग नायकानं दारात यायचं, बसायचं, पुन्हा बोलायचं. तो येईपर्यंत गोष्ट ठरत नाही. त्यात त्याचाही मान राहतो, आपलाही. मी उठले. माझ्यामागं बाया उठल्या, मग माणसं. मांडवात सतरंज्या उरल्या अन् कंपनीवाल्यांच्या पाण्याच्या बाटल्या. एवढं मोठं 'नाही' आमच्या तांड्यानं कधी म्हटलं नव्हतं.

मी दारात बसून बाबुलालची वाट पाहिली. तो आला नाही. आठवड्यानं यवतमाळची कुंदाताई आली. वकील आहे. घराणं कचेरीत नोकरी करणारं, पण चप्पल काढून आमच्यासारखी भुईवर बसते.

"आजी, तुम्ही सगळे उठून का गेलात?"

"का म्हंजे? नाई म्हनून गेलो."

तिनं पिशवीतून कागद काढला. "साहेबांनी लिहिलंय, कोणाची हरकत नाही. लोकांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे घरी गेले."

भुरीबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "कोराले आपली रीत कशी समजन वं!" आमच्या जातीबाहेरच्या माणसाला आम्ही कोर म्हणतो.

"एकाले समजत होती," मी म्हणलं. "थो तेथंच उभा होता."

बाबुलालला मी गोठ्यात गाठलं. म्हशीखाली बसला होता.

"आमी उठलो तं साहेबानं तुले काई इचारलं नाई?"

"इचारलं."

"मंग?"

"मी म्हनलो, मी नायक हाय. मी बोललो म्हंजे तांडा बोलला." त्यानं वर पाहिलं नाही. आमच्यात आईला याडी म्हणतात. "याडी, बादलले नोकरी देऊन राह्यले. तुह्या नातवाले. पक्कं घर देऊन राह्यले. या मुरमात तुनं काय पाह्यलं?"

"तुह्या बापाले विहीर खंदताना पाह्यलं."

"शब्द गेला माहा. नायकाचा शब्द हाय, याडी."

"शब्द तुहा हाय. जमीन तांड्याची हाय."

धार भांड्यात वाजत राहिली. मी निघाले.

कुंदाताईनं खटपट करून तहसिलीत दुसरी सुनावणी लावून घेतली. म्हणाली, या वेळी कोणी उठायचं नाही. बसून, एकेकानं, तोंडानं नाही म्हणायचं. तिच्या दृष्टीनं सोपं होतं. आमच्याकडं मात्र कोराच्या देखत नायकाला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याचं पागोटं उतरवणं. मग तो नायक राहत नाही.

बाया माझ्या अंगणात जमल्या. लालीबाई म्हणाली, "चंदामाय, आमी म्हनतो नाई. पन तुह्या लेकाचं पागोटं आमी कसं उतरवाव? तू पयले म्हन."

"अन् मी तेथं तोंडच उघडलं नाई तं?"

"तं आमी गप बसू," ती म्हणाली. "जाईन जमीन."

कोणी रडलं नाही, कोणी पाया पडलं नाही. तशा असत्या तर मी हाकलून दिल्या असत्या.

तहसिलीत पंखा खडखडत होता. बाबुलाल पुढच्या खुर्चीवर, नवं पागोटं बांधून. त्यानं एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं. लहानपणी ताप आला की असाच पाहायचा.

साहेब म्हणाले, "आजी, नाव सांगा."

"चंदाबाई नेमसिंग आडे."

"तुमची संमती आहे का?"

"नाई."

साहेबानं विचारलं, "कारण?"

"साहेब, आमच्या लोकायनं बैलावर मीठ लादून मुलुख पायाखाली घातला. जेथं चूल मांडली तेथून कोनी ना कोनी आमाले उठोलं. ह्या मुरमावर पयल्यांदा आमच्या नावाचा सातबारा झाला. आता तुमी म्हनता उठा, तेथं दुसऱ्याची बाई पोहते. तुमच्या घरातून उठान का तुमी?"

"मी फक्त विचारतोय, आजी."

"मंग लिहून घ्या. हा नायक माह्या पोटचा हाय. त्याचा शब्द माहा नाई."

भुरीबाई नाही म्हणाली. लालीबाई नाही म्हणाली. मग म्हातारे, मग ज्यांना नोकरीची लालूच होती त्यांतलेही बरेच. सगळ्यांत शेवटी साहेबानं बाबुलालला विचारलं. आता त्याला माणसांत मिसळायची वाट मोकळी होती. एक शब्द फिरवायचा होता.

"हो," तो म्हणाला. "मी शब्द देल्ला हाय."

एकटा. आवाज हलला नाही. त्या घडीला मला त्याचा बाप दिसला. ते मी कोणाला दाखवलं नाही.

बाहेर येऊन त्यानं पागोटं उतरवलं, घडी केली अन् पिशवीत घातलं. ऐंशी घरं भरली नाहीत. कुंदाताई म्हणते, तूर्त थांबलं, कंपनी पुन्हा येईल. येऊ दे. आता कसं बोलायचं ते आम्हाला कळलं.

पुढल्या नसाबात, म्हणजे तांड्याच्या बैठकीत, नवा नायक निवडायचा होता. म्हाताऱ्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी लालीबाईच्या नवऱ्याचं नाव घेतलं. बाबुलाल खांबाला टेकून ऐकत होता. त्यानंही मान डोलावली.

तो रानात जातो, येतो, कामापुरतं बोलतो. तो दारात येऊन बसेल, पुन्हा बोलेल, याची मी वाट पाहते असं कोणी समजू नये. फक्त त्याची भाकर मी सुनेला थापू देत नाही, स्वतः थापते.