प्रश्नाची शेवटची ओळ

"अपूर्वा, ही शेवटची ओळ काल होती का गं?" नीलाने विचारलं.

कॉलेजला निघालेल्या लेकीने कॉम्प्युटरकडे वाकून पाहिलं. "असणारच. का?"

नीलाने वेबसाइटवरचा तो प्रश्न पुन्हा वाचला. प्रश्न एका मुलीचा होता. वडिलांचे गुडघे फार दुखतात, कोणती गोळी द्यावी? आणि सगळ्यात खाली, जरा जागा सोडून लिहिलं होतं : बाबांची हृदयाची झडप बदलली आहे, रक्त पातळ करायची गोळी रोज चालू असते.

ती ओळ नीलाने काल वाचलीच नव्हती.

धामणकर नाक्यावरच्या मेडिकलमध्ये ती एकोणीस वर्षं काउंटरला होती. लोक चिठ्ठी पुढे करत आणि रस्त्याकडे बघत उभे राहत. तिचं मत कुणी विचारत नसे. दोन वर्षांपूर्वी अपूर्वाने तिला ही वेबसाइट दाखवली. कुणीही प्रश्न विचारावा, कुणीही उत्तर द्यावं. विचारणाऱ्याने 'उत्तम उत्तर' म्हणून निवडलं की दहा गुण. नीला डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजीत लिहू लागली. लोक 'थँक यू, डॉक्टर' म्हणत. पहिल्यांदा तिने आपण डॉक्टर नाही असा खुलासा केला होता. नंतर केला नाही.

काल तिचे दोन हजार चारशे नव्वद गुण होते. अडीच हजाराला चौथी पातळी मिळे. दुसरं कुणी आधी लिहील म्हणून तिने वरवर वाचून गोळीचं नाव, दिवसातून किती वेळा, सगळं लिहून टाकलं. आज अडीच हजार पुरे झाले होते. खाली मुलीने लिहिलं होतं, 'आजच आणते, डॉक्टर.'

या दोन गोळ्या एकत्र गेल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, हे नीलाला पक्कं ठाऊक होतं. तिने ते अपूर्वाला सांगितलं.

"खोडून टाक ना," अपूर्वा म्हणाली.

"निवडलेलं उत्तर खोडता येत नाही."

तिने मुलीला निरोप लिहायला घेतला आणि लाइट गेली. भिवंडीत सकाळी गेलेली लाइट तीन तास तरी येत नसे. ती तशीच चपला घालून नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेली. तिथे जनरेटर होता. 'ती गोळी देऊ नका. चूक माझी आहे. मी डॉक्टर नाही,' असं लिहून तिने स्वतःचा ईमेलही दिला. मग आपल्याच उत्तराखालचं तक्रारीचं बटण दाबलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'उत्तर धोक्याचं आहे.'

दुसऱ्या दिवशी वेबसाइटने तिचं खातं बंद केलं. मुलीचं उत्तर नव्हतं. दुकानातला फोन वाजला की नीला हातातलं काम टाकून धावे. कधी न पाहिलेला तो म्हातारा तिला दिसत राही. खाटेच्या कडेला बसलेला, एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

चौथ्या दिवशी ईमेल आला. 'गोळी मिळालीच नाही. तुमचं उत्तर छापून नेलं होतं. पण मेडिकलवाल्याने बाबांची बाकीची औषधं विचारली आणि गोळी द्यायला नकार दिला. मी त्याच्याशी भांडले. डॉक्टरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का, म्हटलं.'

नीलाने तो दोनदा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. सुटका झाल्यासारखं वाटलं.

त्याच दुपारी कोन गावाहून एक म्हातारे शेतकरी दुकानात आले. सगळे त्यांना दाजी म्हणत.

"मना गुडघ्याची गोली दे गो."

"बाकी कुठली औषधं चालू आहेत, दाजी?"

"तुला कं करायचाय? मागं लोकं उभी हायेत."

"राहू देत. आठवून सांगा."

दाजी कुरकुरले. मग सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून त्यांनी ती काउंटरवर उलटी केली. नीलाने चष्मा लावला आणि एकेक पाकीट उचलून वाचू लागली.