सोळा घोड्यांची फटफटी

दाऊद मिस्त्रीला खोटं बोलायची हौस नव्हती, पण खरं फार फिकं निघालं की ते दुसऱ्याच्या पानात वाढायची त्याला लाज वाटायची. लढाईची पाच वर्षं त्याने भिंगारच्या छावणीत गोऱ्यांच्या फटफट्या दुरुस्त केल्या. लढाई संपली, नोकरी गेली आणि तो देवळाली प्रवऱ्याला परतला. आता त्याला एकच हवं होतं, कानिफनाथ पाटलांची सडकेकडेची चिंचेखालची जागा. तिथे दुकान टाकलं की जन्माची ददात मिटणार होती.

म्हणूनच पाटलांनी मिलिटरीच्या लिलावातून नॉर्टन कंपनीची फटफटी आणून कागदावरच्या '१६ एच'चा अर्थ विचारला, तेव्हा दाऊदची जीभ सैल सुटली.

"एच म्हंजी हॉर्स, पाटील. सोळा घोडे हायेत आत."

पाटील खुलले. त्यांनी लेकीच्या सासऱ्याला, पुंजाराम व्याह्यांना, मुद्दाम बोलावणं धाडलं. उसाने भरलेल्या गाडीचे बैल सोडले आणि तिला दोराने फटफटी जुंपली. अख्खी आळी जमली. फटफटी गुरगुरली, मागचं चाक जागच्या जागी गरगर फिरलं आणि व्याह्यांच्या कोऱ्या धोतरावर चिखल उडाला. गाडी तसूभरही हलली नाही.

"इवाई, घोड्यांना वैरन घातली न्हाई वाटतं," पुंजाराम म्हणाले आणि धोतर बदलायला घरात गेले.

पाटलांचं तोंड उतरलेलं दाऊदने पाहिलं. जागा तर गेलीच होती, आता निदान खरं सांगून मोकळं व्हावं.

"एच म्हंजी होम, पाटील. घर. साहेबाच्या सोताच्या मुलखात चालवायची गाडी. आपल्यावानी त्येंच्या ताब्यातल्या मुलखांसाठी येगळी काढायचे, तिला सी म्हनत, सी म्हंजी कॉलनी. सोळा हा नुसता नंबर हाय. आमच्या सारजंटानं सांगितलं हुतं."

पाटील फटफटीकडे वळले. "म्हंजी साहेबाच्या घरची गाडी माझ्या दारात?"

"व्हय."

"आरं मग हे आधी सांगाया काय झालं हुतं? घोडं काय, टांगेवाल्याकडंबी आस्तंय."

चिंचेखालची जागा दाऊदला त्याच दिवशी मिळाली. अट एकच होती. या जागेवर अक्षरांचा खोटा अर्थ सांगितला, की दुकान उचलायचं.

पाटलांनी 'साहेबाच्या घरची' गावभर मिरवली. ते व्याह्यांना असं झोंबलं, की दोन महिन्यांत पुंजाराम नगरहून नॉर्टनचीच एक जुनाट फटफटी घेऊन थेट चिंचेखाली हजर झाले. पाटील तिथेच पान लावत बसले होते.

"तुमची सोळा, आमची सतरा," पुंजाराम म्हणाले. "मिस्त्री, कागद बघ. म्होरं अक्षर कंचं हाय?"

"सी."

"त्येचा अर्थ काय?"

दाऊद पेचात पडला. खरं सांगावं तर पाटलांच्या लेकीचा सासरा भर सडकेवर उणा पडतो, खोटं सांगावं तर दुकान उठतं. त्याने कागद उलटा करून पाहिला, तिकडे काहीच लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात पाटलांनी पान गालात सरकवलं आणि उठून हात जोडले.

"कलेक्टर, इवाई. कलेक्टरची गाडी हाय ती."

पुंजाराम मिशांवर हात फिरवत निघून गेले. दाऊद पाटलांकडे बघतच राहिला.

"बघतुस काय?" पाटील म्हणाले. "अट तुला हाय. माझी लेक नांदतीया तिथं."