अपिसाईची फणी

माझा नवरा अपिसाई गेल्यावर त्याचं सामान त्याच्या भावांनी चटयांत गुंडाळून नेलं. शर्ट, कमरेला गुंडाळायचे सुलू, भाला, पाण्याखाली घालायचा चष्मा. मी काही मागितलं नाही. फणी तेवढी मागे राहिली, कारण ती सिटेरीच्या उशाखाली होती आणि तिथे बघायचं कुणाला सुचलं नाही.

वेसीच्या लाकडाची, लांब दातांची फणी. लग्नाआधी त्यानेच कोरलेली. मोकोसोईची फुलं घातलेलं खोबरेल तिच्यात इतकं मुरलं होतं, की नाकाशी धरली तर तो दारातून आत येतोय असं वाटायचं.

सिटेरी आमची थोरली, पाच वर्षांची. धाकटा अजून अंगावर पितो. किनाऱ्यावरून परतला की अपिसाई आधी सिटेरीला पायांत बसवायचा, तिच्या केसांना तेल लावायचा आणि त्या फणीने विंचरायचा. शेवटी स्वतःच्या केसांतून दोनदा फिरवायचा. मग तिच्या टाळूवर तळवा दाबायचा आणि म्हणायचा, "लावलं झाकण. आता झोप उडून जायची नाही." आमच्यात कुणी कुणाच्या डोक्याला हात लावत नाही. पण तो बाप होता, आणि तिच्या डोक्यावर त्याचा हात अगदी मापाचा बसायचा.

तो समुद्रकाकड्या, म्हणजे तळाशी पडून असणारे लांबट मऊ जीव, काढायला खोल उतरायचा. एके दिवशी वर बोटीतून नळीने येणारी हवा बंद पडली. एवढंच आम्हाला सांगण्यात आलं.

त्याच्यासाठी गावाने समोरचा समुद्र शंभर रात्री बंद ठेवला. तिथे कुणी जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही. आणि त्याच्या थोरल्या बहिणीने, सुलुएटीवन्संनी, सिटेरीचे केस राखले. शंभराव्या रात्रीपर्यंत त्यांना कात्री लागायची नाही, मग आत्याच्या हाताने ते उतरायचे. मी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून ते मान्य केलं. केस वाढत राहणार, म्हणजे त्यानं विंचरलेलं काहीतरी घरात राहणार, असं मला वाटलं. रोज संध्याकाळी मी त्याच्याच फणीने तिला विंचरायला लागले.

थोड्या दिवसांनी तिच्या गालावर एक कडं उठलं. बांगडीसारखं गोल, कडेला लालसर आणि उंच, मध्ये साफ. मागच्या परसातला गजकर्णावर लावतात तो पाला ठेचून मी चोळला. कडं फिकं झालं आणि मी विसरून गेले. पण ती डोकं खाजवू लागली होती. आधी झोपेत, मग जेवताना, मग चर्चमध्ये सगळ्यांसमोर. केसांत कोंडा दिसला की मी आणखी तेल थापायची. तेलाने खपल्या बसायच्या आणि मला बरं वाटायचं.

मग टाळूवरचे केस गळाले. एक गोल जागा झाली, तळव्याएवढी. बरोबर तिथेच.

सुलुएटीवन्सं उकडलेल्या अळकुड्या घेऊन आल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं. टोपली खाली ठेवली आणि बसूनच राहिल्या.

"तो येतो," त्या म्हणाल्या.

"कोण, वन्सं?"

"तुला माहीत आहे कोण. हात ठेवायला येतो. जीव अडकलाय त्याचा पोरीत."

त्या दिवसापासून विंचरताना मी त्या जागेभोवतीने फणी फिरवायची. वाटायचं, मध्ये त्याचा हात आहे, धक्का लागायला नको. बायका बघायला यायच्या, दुरून मान लववायच्या, काहीजणी डोळे पुसायच्या. सिटेरी विचारायची, "बाबा आले तेव्हा मला उठवलं का नाहीस?" मी सांगायची, "मीपण झोपले होते गं."

तो खरंच येत असावा असं मला फार वाटत होतं.

बालवाडीची मुलं तपासायला बोटीने नर्स आली. वासेमाथा तिचं नाव, पलीकडच्या बेटावरची. तिचं गाव आणि आमचं गाव मुळात एकाच देवाची लेकरं, म्हणून एकमेकांना वाटेल ते बोलायची दोन्हीकडे मुभा. तिने ती किनाऱ्यापासूनच वापरायला सुरुवात केली.

"अजून जिवंत आहात का रे?" बोट ओढणाऱ्या पुरुषांना ती म्हणाली. "मला वाटलं समुद्र बंद म्हणजे तुम्ही उपाशी मेला असाल. कंद उपटायचे तर कष्ट पडतात ना."

"तुमच्या गावाला चोरायला काही ठेवायचं म्हणून जगलोय," एक म्हातारा म्हणाला.

"ठेवा, ठेवा. परत जाताना बोटीत जागा आहे."

हसत हसतच ती माझ्या ओटीवर आली. सिटेरीला बघितलं आणि तिचं हसणं थांबलं. सुलुएटीवन्सं दाराशी बसल्या होत्या.

"तिथे हात लावू नकोस," त्या म्हणाल्या.

"का?"

"तिच्या बापाचा हात आहे तिथे."

वासेमाथाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून हलकेच टाळी वाजवली, "तिलोउ" म्हणून माफी मागितली आणि सरळ सिटेरीच्या डोक्याला हात घातला. आमच्यातल्या कुणाला ते जमलं नसतं. तिला चालून जात होतं.

केस बाजूला करत ती बघत राहिली. "हे काळे ठिपके दिसतात ना? केस मुळाशी तुटलेत, त्यांची ही बुडखं. आणि इथे मऊ सूज आहे, पू धरायला लागलाय. हे दाबायचं नाही, फोडायचं नाही. कानामागे गाठी आल्यात. सिटेरी, दुखतं?"

"दुखतं," सिटेरी म्हणाली. "पण बाबांचा हात आहे म्हणून मी सांगत नाही."



"केलेरा," वासेमाथा माझ्याकडे वळली, "हे गजकर्ण आहे. केसांत शिरलंय. गालावर कडं आलं होतं?"

"आलं होतं. पाला चोळला. गेलं."

"कातडीवरचं कधी कधी जातं. खरं तर त्यालाही मलम लावायचं, कड्याच्या बाहेरपर्यंत, आणि गेलंसं दिसलं तरी पुढे काही दिवस. पण केसांतल्याला पाला पोचत नाही, मलम पोचत नाही. त्याला पोटातून औषध लागतं. रोज, नारळाच्या दाट दुधातल्या जेवणाबरोबर, म्हणजे अंगी लागतं. दीड-दोन महिने तरी, आणि मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही. घरातल्या सगळ्यांनी मी देते त्या औषधाने डोकी धुवायची, धाकट्याचंसुद्धा. आणि हे केस आजच कापायचे."

"केस राखलेत," सुलुएटीवन्सं म्हणाल्या. "शंभराव्या रात्रीशिवाय कात्री लागणार नाही."

"तोपर्यंत मुळं जळतील, बाई. मग तिथे केस कधीच येणार नाहीत. शंभराव्या रात्री कापणार काय तुम्ही, तुमच्या गावाचं नाक?"

कुणी हसलं नाही. वासेमाथाही नाही. तिने आवाज खाली आणला आणि मला विचारलं, "हे तिला कुणापासून लागलं? मांजर आहे घरात? कुणाच्या अंगावर अशी कडी होती?"

मांजर नव्हतं. मला अपिसाईची मान आठवली. कॉलरच्या खाली एक कडं होतं, केसांत वर चढत गेलेलं. दिवसभर ओल्या कपड्यांत असायचा. मी म्हणायची, खारं पाणी बाधलंय, गोड्या पाण्याने धू, कोरडं पूस. तो म्हणायचा, उद्या परत ओलाच होणार आहे ना.

मी उठले आणि उशाखालची फणी आणून तिच्यासमोर ठेवली.

"रोज हिनेच विंचरतेस?"

"रोज."

"मग त्याचंच आहे हे," ती म्हणाली, अगदी हळू. "तेवढं तुम्ही खरं बोलत होतात. त्याच्याकडूनच आलंय."

मी फणी परत उचलायला हात पुढे केला, पण सुलुएटीवन्संनी ती आधी घेतली. इतक्या झटकन घेतली की त्यांच्या गळ्याभोवतीचा रुमाल सुटून खाली पडला. त्यांच्या मानेवर, केसांच्या कडेला, तीन कडी होती, एकात एक गुंतलेली. ताजी.

आमच्यात बहीण-भाऊ मोठे झाले की एकमेकांशी बोलत नाहीत, हा एकमेकांचा मान. वन्सं पुढच्या दाराने आल्या की अपिसाई मागच्या दाराने बाहेर जायचा. इतक्या वर्षांत त्या दोघांना एका चटईवर बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याचं काही वापरणं तर लांबच. पण मी नदीवर धुणं घेऊन जायची, तेव्हा घर रिकामं असायचं.

वन्सं स्वतःच बोलल्या, फणीकडे बघत.

"लहानपणी त्याचे केस मीच विंचरायची. आई शेतात जायची. मग एक दिवस तिने सांगितलं, आता तू मोठी झालीस, त्याच्याशी बोलायचं नाही. तो पायरीवर फणी घेऊन बसून राहिला होता माझी वाट बघत. मी गेले नाही." त्यांनी रुमाल उचलला, पण मानेला बांधला नाही. "आता बोलायला तो नाही, म्हणजे कुणाचा मान मोडतो? म्हणून यायची. थोडा वेळ. केसांतून फिरवायची आणि ठेवून द्यायची."

वासेमाथाने त्यांची मान तपासली. "कातडीवरच आहे. मलमाने जाईल," एवढंच म्हणाली. मग जरा थांबून, "एवढी मोठी बाई आणि भावाच्या घरात चोरी. आमच्या गावचं रक्त आहे म्हणायचं." वन्सं हसल्या आणि हसताना रडल्या.

केस कापायचे तर आत्यानेच कापायचे, हे मी धरून ठेवलं. विनंती करताना पुढे ठेवतात ती यांगोनाच्या मुळ्यांची एक जुडी घरात होती, ती मी वन्संसमोर ठेवली आणि बसून, मान खाली घालून, रीतीप्रमाणे विनवणी केली: माझ्या लेकीचे केस मोकळे करा. त्यांनी जुडीला हात लावला. टाळी वाजवली. "कात्री उकळलेली आहे का?" त्यांनी वासेमाथाला विचारलं. ती म्हणाली, "आत्ता शहाण्यासारखं बोललात."

सिटेरी माझ्या मांडीत बसली. केस जावळासारखे चटईवर पडत गेले. ती चटई मग उन्हात टाकायची होती, उशा, पांघरुणं, सगळं उकळायचं होतं. कापलेले केस नदीत सोडायची रीत, पण वासेमाथा म्हणाली, खाली मुलं पोहतात, जाळा. आम्ही जाळले.

"आता बाबा हात कुठे ठेवणार?" सिटेरीने विचारलं.

वन्सं म्हणाल्या, "खांद्यावर. मोठ्या मुलींच्या खांद्यावर ठेवतात."

फणीचं काय करायचं हे मी न विचारताच मला कळत होतं. "जाळायला नको," वासेमाथा म्हणाली, "चांगली उकळ. पण त्यानंतरही ती विंचरायला घ्यायची नाही. ज्याची त्याची फणी वेगळी." तिला बोट गाठायची होती. जाताना औषधांची पिशवी तिने माझ्या हातात दिली आणि तो हात थोडा वेळ धरून ठेवला.

मी परसात चुलीवर पातेलं ठेवलं. पाणी उकळलं तशी फणी सोडली. आधी काही झालं नाही. मग लाकडातून तेल सुटून वर आलं, पाण्यावर पिवळे डोळे तरंगू लागले आणि वाफेबरोबर मोकोसोईचा वास उठला, इतका, की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. वन्सं माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघी त्या वाफेत तोंड घालून उभ्या होतो. धाकटा माझ्या कडेवर होता, तोही नाक वर करून हुंगत होता. त्याला पुढे हे आठवणार नाही.

पाणी आटत आलं तेव्हा नुसत्या लाकडाचा वास उरला. फणी काढली तर फिकट पडली होती, दोन दात सैल झाले होते. मी ती नाकाशी धरली आणि वन्संकडे दिली. त्यांनी हुंगली आणि परत दिली.

शंभराव्या रात्री समुद्र उघडला. पुरुषांनी जाळी टाकली, नव्या चटया अंथरल्या गेल्या, सगळं गाव आमच्या अंगणात जेवलं. औषध अजून चालू होतं. सिटेरीच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस आले होते, दाट, काळे. कापण्यासारखं काही नव्हतं. तरी वन्सं तिच्यासमोर बसल्या, "तिलोउ" म्हणाल्या आणि तिच्या डोक्याच्या वर, हवेत, एकदा कात्री मिटली. तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

टाळूवर एक जागा मात्र तशीच आहे, अंगठ्याच्या टोकाएवढी, गुळगुळीत. तिथलं मूळ जळलं. वासेमाथा म्हणते, तिथे आता येणार नाहीत. कुणी बाई आपल्या पोराचं डोकं दाखवायला आली की मी ती जागा दाखवते आणि सांगते, हे गजकर्ण होतं, वाट बघू नकोस, बोट आली की आधी पोराला नर्सकडे घेऊन जा.

मग संध्याकाळ होते, अंगण रिकामं होतं. मी सिटेरीला पायांत बसवते, दुकानातल्या तिच्या निळ्या फणीने तिचे आखूड केस विंचरते, आणि झालं की त्या जागेवर अंगठा टेकवते. ती डोळे मिटून घेते. झाकण लावलं का, असं ती विचारत नाही. मीही सांगत नाही.