बाप्पाच्या पोटातली कॅसेट

जगन टाळ्या वाजवत होता, पण नजर मूर्तीच्या पाटावरून हलत नव्हती. रोह्यातल्या या घरात त्याला कुणी ओळखत नव्हतं. "पेणच्या कारखान्यातून आलोय, मूर्ती नीट पोचली का बघायला," एवढी थाप पुरली होती. शेजारी शिल्पा झांजा अशा बडवत होती, की आरतीला धाप लागावी.

झांजा तिच्या हाती देणं हीच चूक. वर्षभर तिघांच्या बँडमध्ये तिने रंगाचे रिकामे डबे बडवले होते. जगन गिटार खाजवायचा, भरत बेंबीच्या देठापासून ओरडायचा. याला पंक म्हणतात, असं भरत ऐटीत सांगायचा. जगनच्या काकाच्या मते ती भुताटकी होती. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात काका गावी गेला असताना त्यांनी त्याच्या पेणच्या मूर्तींच्या शेडमध्ये गाणी टेप केली. मग भरतला बापाने सुरतेला कामाला धाडलं आणि बँड आटोपला. उरली एकच कॅसेट.

काकाने ती मोडू नये म्हणून जगनने ती मुकुट फुटलेल्या, बिनरंगाच्या मूर्तीच्या पोकळ पोटात दडवली. फुटकी मूर्ती कोण घेणार? पण गणपती तोंडावर आले, माल कमी पडला. काकाने मुकुट सांधला, बूड प्लास्टरने लिंपलं, रंग दिला आणि जगनला कळायच्या आत मूर्ती रोह्याला गेली.

आरतीनंतर उत्तरपूजा झाली. आता मूर्ती हलवायला हरकत नव्हती. जगनच्या खिशात बूड फोडायला पटाशी होती.

"आजी, नदीवर आम्ही नेतो," शिल्पा घाईने म्हणाली.

"न्या गो. पोरगा कंपनीत, शिफ्टला गेलाय," गोदूबाई म्हणाली. "पण हळू. आत बाप्पाचा काळीज हाय."

"काय?" जगनने विचारलं.

"आणला तवा खट्‌खट्‌ वाजला. पोरगा बोलला, आत कायतरी सुटलाय, परत देऊ. मी बोलली, नाय. हे गेले तवापासून या घरात कायच वाजला नव्हता."

जगनने मूर्ती उचलली. आत खट्‌ झालं.

कुंडलिकेचं पाणी गुडघ्यापर्यंत आलं, तशी शिल्पा त्याच्या आणि घाटाच्या मध्ये उभी राहिली.

"मी आड हाय. काढ लवकर."

जगनने पटाशीला हात घातला. घाटावर गोदूबाई हात जोडून, मान तिरपी करून कान देत होती.

"वाजतोय ना रं?" तिने ओरडून विचारलं.

"काढ ना!" शिल्पाचा आवाज चिरकला. "आपल्याकडं दुसरं काय हाय?"

काहीच नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला शिल्पाचा राग आला, म्हातारीचा आला, स्वतःचा तर फारच आला.

"व्हय आजी, वाजतोय," तो ओरडला. मूर्ती दोनदा बुडवून वर घेतली आणि तिसऱ्यांदा सोडून दिली.

शिल्पाने त्याच्या पाठीत सणसणीत बुक्की घातली आणि तोंड फिरवून उभी राहिली. दोघंही बराच वेळ पाण्याबाहेर आली नाहीत. आली तेव्हा गोदूबाईने त्यांच्या ओल्या हातांवर वाटली डाळ ठेवली.

"पुढल्या वर्षी पण वाजणाराच द्या रं मला."

शिल्पाने डाळ तोंडात टाकली, चावली, गिळली.

"देऊ आजी," ती म्हणाली. मग जगनकडे न बघता म्हणाली, "गिटार कुणाला देऊन टाकू नको."