कपाटाची कडी

मंगळवारी सकाळी सव्वादहाला लिफ्टवाल्याला प्रकाशकाचा फोन आला. दुसरी आवृत्ती शुक्रवारी छपाईला जाणार. काही बदल असेल तर गुरुवारी पाचपर्यंत कळवायचा.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्टची देखभाल करणारा मेकॅनिक. वीस वर्षं तो अडकलेल्या माणसांना बाहेर काढत आला होता आणि उरल्या वेळात त्याने एक कादंबरी लिहिली होती. बहीणभाऊ जुन्या कपाटाचं यान करून शनीपर्यंत जातात. त्याच्या लहानपणीचाच खेळ, फक्त लांबवलेला.

कादंबरीवर ज्याचं त्याचं मत वेगळं. प्रकाशक एकशे बाराव्या पानावर रडला होता. तिथे यान पेटतं आणि कप्तान असलेली बहीण धाकट्याला बाहेर ढकलून आतून कडी लावते. ग्रंथपाल बाईंना म्हणे त्यांचं बालपण परत मिळालं. ते कुठल्याशा वसतिगृहात गेलं होतं आणि एरवी त्या त्याचं नावही काढत नसत. जोडीदार मेकॅनिकची तक्रार होती की शनीवर जाऊन नुसत्या आईच्या आठवणी काय काढायच्या, एक तरी मारामारी हवी होती राव.

ताई मात्र गप्प. पुस्तक तिलाच अर्पण केलेलं. भाचीचा रोजचा निरोप एकच: मामा, आईची खूण एकशे बारावरच आहे.

लहानपणीच्या त्या खेळात खरी कडी बाहेरून होती. कपाटात बारा वर्षांची ताई, बाहेर नऊ वर्षांचा तो. दहापासून उलटे आकडे मोजून दार उघडायचं ठरलं होतं. तो सातावर आला, तेवढ्यात मैदानातून पोरांचा गलका ऐकू आला आणि स्वारी पळाली. दोन तासांनी आईने दार उघडलं तेव्हा ताई म्हणाली, दार आपोआप लागलं. तेव्हापासून तिने लिफ्टमध्ये पाऊल टाकलेलं नाही. राहते चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीची लिफ्ट तोच सांभाळतो.

बुधवारी संध्याकाळी तो तिच्याकडे गेला, तोही जिन्याने. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने भाऊजींच्या गुडघ्याची चौकशी केली, पाणी मागितलं, तीनदा उठून खिडकीशी गेला.

"बस की एका जागी," ती म्हणाली. "ते पान लोकांना फार आवडलंय म्हणे."

"तू पुढे का वाचत नाहीस?"

"आतून कडी लावणारी ती शूर मुलगी कोण रे?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "बदलू का? उद्यापर्यंत वेळ आहे."

"लिहिलंस तेव्हा विचारलं होतंस?" तिने चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली. घडी नीट झाली.

गुरुवारी दुपारी भाचीने कळवलं, आई आज पुस्तक पर्समध्ये घालून कामावर गेली. खूण कुठे आहे ते दिसलं नाही.

पाचला सात मिनिटं कमी असताना प्रकाशकाचा फोन दुसऱ्यांदा वाजत होता. टेबलावर एकशे बारावं पान उघडं होतं. 'आतून' या शब्दावर रेघ मारलेली होती. वर अजून काही लिहिलेलं नव्हतं.