आत्यानं काढलेली दृष्ट

अख्खं माजलगाव मला ढापणी म्हणायचं. उणे सातचा नंबर, चष्मा काढला की समोर माणूस आहे का खांब तेच कळायचं नाही. म्हणून नव्व्याण्णव साली हट्टानं औरंगाबादला जाऊन लेसर करून घेतलं. सोबत साखराआत्या. आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलेलं, त्यामुळं डॉक्टरांपुढं बोलायचा हक्कही तिचाच.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. बुबुळावरचा पातळ पापुद्रा उचलायचा, खाली लेसर मारायचा, पापुद्रा परत बसवायचा, टाका नाही. डोळे कोरडे पडतील, चंद्राला पडतं तसं खळं दिव्यांभोवती दिसेल, क्वचित नजर आहे त्यापेक्षा अधू होते.

"डोळा चोळायचा नाही. धूर तर अजिबात नको," ते म्हणाले.

"आमच्याकडं आता ग्यास हाय," आत्या म्हणाली. "धुराचं नावच न्हाई."

घरी आलो. गल्लीतल्या बाया येऊन गेल्या, बिनचष्म्याची पोर किती गोड दिसते म्हणाल्या, आणि आत्याचा जीव खालीवर झाला. तिनं मला पाटावर बसवलं, मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून कोळशाच्या जुन्या शेगडीत टाकल्या. ठसका लागेना. "लई दृष्ट लागलीय गं," म्हणत तिनं आणखी मूठभर मिरच्या टाकल्या. मग लागला की ठसका. मी खोकतेय, डोळ्यांतून धारा, आणि हात आपोआप उजव्या डोळ्यावर गेला. चोळला. कचकन दुखलं आणि तिकडचं सगळं धुकट झालं.

"आत्या, अगं हा धूर नाही तर काय?" मी ओरडले.

"दृष्ट काढण्याला धूर कोन म्हनतं, बाई," ती रडतच म्हणाली.

जीपनं तसंच परत औरंगाबाद. पापुद्रा सरकला होता, त्याला सुरकुत्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी तो उचलून, धुऊन पुन्हा बसवला. वेळेत आलात, पण नजर किती येईल ते आत्ताच नाही सांगता येत, म्हणाले. डोळा गेला तर काय, म्हणून मी रोज डावा झाकून उजव्यानं भिंतीवरचं कॅलेंडर वाचून बघायचे. आत्याशी मी बोलणंच सोडलं. आणि ठेच्याशिवाय घास न उतरणारी आत्या मुकाट्यानं दूध-भाकर खायला लागली. ते बघून माझा राग कधीच निवळला होता, पण तोंडानं कबूल कोण करतंय?

हळूहळू धुकं विरळ झालं. दिव्यांची खळी होती अजून, पण लहान होत चालली होती. शेवटच्या तपासणीहून आले, अंगणात टेकले, तर आत्या स्वयंपाकघराच्या दारात मूठ आवळून उभी.

"दृष्ट काढते. जाळत न्हाई, तीन रस्त्यांच्या तिकाटण्यावर टाकून येते. नुसतं मीठ हाय."

मी डावा डोळा हातानं झाकला.

"मग तुझ्या करंगळीखालून मिरची का डोकावतीय?"

तिनं मुठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"टोक दिसलं तुला? हितून?"

"लाल दिसतंय."

ती त्याच मिरचीच्या हातानं डोळे पुसायला निघाली.

"आत्या," मी म्हणाले, "चोळू नको."